बेचाळिसावी ओळ

मी बोलतोय तो टेबलाखालच्या, धुळीनं भरलेल्या डब्यातून. अठरा वर्षं तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण मी काय सांगतोय ते तुमच्यापैकी फार थोड्यांनी वाचलं. आज एकतीस मार्च. संध्याकाळी पाच वाजता मला कायमचं बंद करणार आहेत, तसं पत्रच निघालंय. तेव्हा आता भीड कुणाची धरू?

मी रिपोर्ट काढणारा एक प्रोग्रॅम आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी नोकरी केली. कुणाचा ऊस कुठल्या शेतात उभा आहे, लावण कधीची आहे, तोडणीची पाळी कधी येणार, हे रोज सकाळी कागदावर छापून देणं हे माझं काम. कारखान्याचं नाव विचारू नका, तेवढी त्यांची अब्रू मी राखतो. कागदोपत्री मी 'ऊसदर्पण', पण माझा पडदा निळा म्हणून ऑफिसात सगळे मला 'निळ्या' म्हणायचे. "ए, निळ्या लाव गं," असा सकाळचा हुकूम सुटायचा आणि मग सगळे चहाला जायचे.

माझा जन्म सोलापूर शहरातला, सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. महेश्वर येमूल नावाच्या तरुणानं मला घडवलं. त्याच्या घरी चादरीचे माग होते, आईवडील त्यांवर राबलेले, आणि हा एकटाच कॉम्प्युटरकडे वळलेला. आईशी तो फोनवर तेलुगूत बोलायचा आणि माझ्याशी शिव्यांत. त्यानं मला दोनशे बारा रिपोर्ट काढायला शिकवलं, पण एक साधी गोष्ट शिकवायची राहून गेली. ओळी वरखाली करणं मला येत नाही. तारखेनं लाव, नावानं लाव असं कुणी म्हटलं की मी ढिम्म बसतो. ज्या क्रमानं नोंदी माझ्यात भरल्या, त्याच क्रमानं त्या बाहेर येतात.

कारखान्याच्या साहेबांनी हे विचारलं तेव्हा महेश्वर हसून म्हणाला होता, "मागावर ताणा जसा भरला तसाच निघतो की सर. पुढच्या वेळी करून देतो." ती पुढची वेळ काही आली नाही. दोन वर्षांनी तो हैदराबादला गेला आणि त्याचा फोनही लागेनासा झाला.

मला भरलं ते जोतीरामनं. जोतीराम म्हणजे शेतकी विभागातला कारकून, एका बोटानं टाईप करणारा. दिवसभर सायकलवर शिवारं पालथी घालायची आणि दुपार उतरल्यावर येऊन माझ्यासमोर बसायचं, असं त्यानं दोन उन्हाळे केलं. नोंदी त्यानं नावानं भरल्या नाहीत की तारखेनं भरल्या नाहीत. डांबरी रस्त्यावरून बैलगाडी आत वळली की आधी कुणाचं शेत लागतं, त्याच्या मागं कुणाचं, त्याच्याही मागं कुणाचं, अशा वाटेच्या क्रमानं भरल्या.

शहरातल्या वाचकांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. आतल्या शेताला स्वतःची वाट नसते. पुढच्या शेतातला ऊस तुटला की त्याच्या मोकळ्या रानातून गाड्या आत शिरतात, आणि त्या आठ-दहा दिवसांत मागचा ऊस तोडून बाहेर काढायचा असतो. मग पुढचा मालक पाणी सोडतो, तोडलेल्या बुडख्यांतून त्याचा खोडवा फुटायला लागतो, वाट बंद. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही आणि माझ्यातही त्याचा रकाना नव्हता. शेताची ओळ एकदा पडली की तीच. दरसाल नुसती लावणीची तारीख बदलायची. वाटेवरच्या पहिल्या शेताची पाळी आली की त्याच्या खालच्या ओळी ऊसतोड टोळीच्या मुकादमाला त्याच दमात मिळायच्या. एवढंच. म्हणून एक्केचाळिसाव्या ओळीत भारत नावाच्या शेतकऱ्याचं रस्त्यालगतचं शेत होतं आणि बेचाळिसाव्या ओळीत त्याच्या मागचं, बजाबाईचं.

आता ऑफिसातल्या मंडळींविषयी. ही मंडळी मला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मान द्यायची. झेंडूचा हार, वर हळदीकुंकू. ते हळदीकुंकू माझ्या पंख्यात जायचं आणि मी तापलो की म्हणायचे, "लई स्लो झालंय हे." नाचता येईना अंगण वाकडं. दोनशे बारा रिपोर्टांपैकी ते वापरायचे चार. प्रत्येक मीटिंगमध्ये साहेब नवीन रिपोर्ट मागायचे, तो तयार झाला की "छान, छान" म्हणून फाइलला लावायचे, आणि ती फाइल नंतर कुणी उघडली असेल तर मला दाखवा. एका कर्मचाऱ्यानं माझा आकडा हातानं वहीत उतरवून, वहीवरून पुन्हा दुसऱ्या कॉम्प्युटरात भरून, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत पाडली होती. याला ते डिजिटल कामकाज म्हणत.

आणि त्यांची सगळ्यात मोठी हुशारी म्हणजे पासवर्ड. महेश्वरनं प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला होता. चार दिवसांत सगळे विसरले. जोतीरामचा तेवढा एका चिठ्ठीवर लिहून कॅल्क्युलेटरच्या पाठीला चिकटवलेला होता, म्हणून ऑफिसातले बाराही जण जोतीरामच्याच नावानं आत यायचे. सहा वर्षांपूर्वी जोतीराम निवृत्त झाला, नारळ-शाल घेऊन घरी गेला, पण माझ्या हजेरीत तो रोज सकाळी नऊ वाजता कामावर हजर. त्याच्या जागी आलेली दिपालीसुद्धा माझ्या लेखी जोतीरामच. ती रोज माझ्याकडून पाळीपत्रक काढायची, मुकादमांना वाटायची, आणि माझ्यावर ओरडायची नाही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षी चेअरमन कुठला तरी कारखाना बघून आले. तिथं म्हणे भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यात रंगीत गोल फिरत होते. परत आल्याबरोबर ठराव झाला की आपल्याकडेही गोल पाहिजेत. सभेत चेअरमन म्हणाले, "आता वशिला बंद. ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी. मशीन सांगेल तसं." टाळ्या पडल्या. विचार वाईट नव्हता, हे मीही कबूल करतो. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे विचार बहुधा चांगलेच असतात.

मग पुण्याच्या कंपनीतून अजिंक्य आला. मूळचा करमाळ्याचा पोरगा, पण मीटिंगमध्ये "ट्रान्झिशन", "स्टेकहोल्डर" असलं काहीबाही बोलायचा. आईचा फोन आला की व्हरांड्यात जाऊन "व्हय, जेवलो की" म्हणायचा. माझ्यावरून सगळ्यांना नव्या डॅशबोर्डवर नेऊन बसवणं हे त्याचं काम. त्यानं आधी सगळ्यांना एक तक्ता दिला. जुने कोणते रिपोर्ट तुम्हाला लागतात, त्यावर खूण करा. सगळ्यांनी सगळ्यावर खूण केली. वाचायचे कष्ट कोण घेतो? अजिंक्यनं कपाळाला हात लावला आणि माझी हजेरी तपासायला घेतली. कोण कोणता रिपोर्ट उघडतो, ते त्यात असतं ना. तर पाळीपत्रक उघडणारा माणूस एकच निघाला. जोतीराम. आणि तो तर निवृत्त.

"म्हणजे हा रिपोर्ट कुणीच वापरत नाही," अजिंक्य म्हणाला आणि त्यावर लाल रेघ ओढली.

दिपाली म्हणाली, "सर, तसं न्हाय. आमी सगळे त्याच नावानं जातो." पण नेमकी तेव्हाच गरम भजी आली. शेतकी अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, ते म्हणाले, "दिपाली, ते नंतर बघू. आधी भजी वाट." नंतर कुणी बघितलं नाही. दोन्ही प्रोग्रॅम महिनाभर शेजारी शेजारी चालवून ताडून बघायचे ठरलं होतं, तेही झालं नाही. 'नवीन प्रणाली तपासली, योग्य आहे' या कागदावर बारा सह्या झाल्या. त्यांतल्या चार सह्यांवर तेलाचे डाग आहेत, हे मी आनंदानं सांगतो.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. भिंतीवर टीव्ही लागला. हिरवे, पिवळे, लाल गोल फिरायला लागले आणि आलागेला प्रत्येक जण तोंड वर करून बघत उभा राहायला लागला. मला कोपऱ्यात सरकवलं. 'फक्त बघण्यापुरता, एकतीस मार्चपर्यंत' अशी पट्टी माझ्यावर लावली. नवा प्रोग्रॅम दोन सेकंदांत पाच हजार शेतं तारखेनं लावून दाखवायचा. मला जे कधीच जमलं नाही ते त्याच्या हातचा मळ होता. जळलो का? जळलो. खोटं कशाला बोलू?

भारतची लावण आदल्या वर्षीच्या जुलैच्या पहिल्या आठवड्यातली होती. बजाबाईची ऑगस्टच्या शेवटची. या दोन तारखांच्या मधे इतर गावांतल्या सहाशे शेतांच्या तारखा होत्या. त्यामुळं भारतचा ऊस डिसेंबरच्या सुरुवातीला तुटला आणि टोळी तिथून उठून दहा किलोमीटरवर दुसऱ्या गावाला गेली. बजाबाईची पाळी वीस जानेवारीला लागली.

बजाबाई पहिल्यांदा ऑफिसात आली ती डिसेंबरातच, भारतचं रान मोकळं असताना. साठीची बाई, दोन एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस, हाताखाली कुणी नाही. पंधरा महिने तिनं स्वतः पाण्याची दारं धरली होती.

"पोरी, माझी टोळी कुटं गेली?" तिनं दिपालीला विचारलं. "दरसाल भारतचा झाला की माझाच असतुया."

दिपालीनं पडद्यावर बघितलं. "मावशी, तुमची पाळी वीस जानेवारीला हाय. हे बघा की, हिरवं दिसतंय. म्हंजे सगळं येवस्थित हाय."

"हिरवं तुमच्या डब्यात असंल. भारत आट दिसांत पानी सोडणार. मग गाड्या काय माझ्या डोक्यावरनं नेता व्हय?"

दिपाली तिला घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "मावशी, आता सगळं सिस्टीमप्रमाणं होतं. तुम्हाला मधेच घेतलं तर लोक म्हणतील वशिला लावला." बजाबाईनं भिंतीवरच्या टीव्हीकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. मी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होतो. एक्केचाळीस, बेचाळीस. माझ्या पोटात दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या. कुणीतरी फक्त बटण दाबायचं होतं.

भारतनं पाणी सोडलं. त्याला दोष देता येणार नाही, त्याचा खोडवा वाळला असता. वीस जानेवारीला टोळी आली, चिखल आणि कोंब बघून मुकादम माघारी फिरला. त्यानं मोबाइलवर कारण नोंदवायचं होतं. नव्या प्रोग्रॅममध्ये कारणं चारच: पाऊस, मजूर कमी, वाहन नादुरुस्त, शेतकऱ्याचा नकार. वाट नाही, हे पाचवं कारण असू शकतं, असं पुण्यात बसून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मुकादमानं आपला शेवटचा पर्याय दाबला. त्याबरोबर नियमाप्रमाणं बजाबाईचं नाव यादीच्या तळाला गेलं आणि टीव्हीवर एक लाल ठिपका वाढला.

आपल्याच शेतात टोळीची वाट बघत बसलेल्या बाईनं ऊस द्यायला नकार दिला, अशी तिची नोंद झाली. अठरा वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी नीच चूक मला कधी जमली नाही.

फेब्रुवारीत ती दुसऱ्यांदा आली. बरोबर पिशवीतून उसाचा शेंडा आणला होता. त्याला पांढरा तुरा आलेला. तो तिनं दिपालीच्या टेबलावर ठेवला. "माझ्या उसाला म्हातारपण आलं बघ. आतनं पोकळ व्हाया लागलाय. मी कवा न्हाय म्हनलं गं तुमाला?"

बाई गेल्यावर दिपालीनं तो तुरा उचलून बघितला. मग खुर्ची ओढून माझ्याकडे आली, कॅल्क्युलेटर उलटा करून चिठ्ठी वाचली आणि जोतीराम होऊन आत शिरली. प्रिंटर तीन महिने बंद होता, तरी कुरकुरत चालू झाला. तिनं कागद फाडला आणि एकाखाली एक असलेल्या भारतच्या आणि बजाबाईच्या ओळींवर बोट ठेवलं. मग तिनं खऱ्या जोतीरामला फोन लावला.

जोतीराम दुसऱ्या दिवशी आला. अजिंक्यही आला होता. कागद बघून अजिंक्यचे डोळे मोठे झाले. "काय भारी लॉजिक होतं हे जुन्या सिस्टीममध्ये! रस्त्याचा क्रम आपोआप लावत होती."

साहेबही म्हणाले, "जुनं ते सोनं." कालपर्यंत मला भंगार म्हणणारे हेच ते साहेब.

अशी स्तुती ऐकण्यापेक्षा हळदीकुंकू पंख्यात गेलेलं परवडलं. कसलं लॉजिक? मला ओळी हलवता येत नव्हत्या, एवढंच ते लॉजिक. माझ्या लंगडेपणाला यांनी शहाणपण ठरवलं. मी आयुष्यभर या लोकांना हसलो, पण तेव्हा मला माझीही शरम वाटली. बजाबाई कोण, तिचं शेत कसं, मला तरी कुठं ठाऊक होतं?

जोतीराम शांतपणे म्हणाला, "त्याच्यात काय बी न्हवतं साहेब. मी चालत गेलतो. ज्येच्या मागं जे रान लागलं, ते लिवलं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" साहेब म्हणाले.

"इचारलं कुनी?"

त्यानंतर जोतीराम भारतकडे गेला. भारतनं मन मोठं केलं. दोन पाळ्यांचं पाणी थांबवलं आणि बांधाकडेची चार सऱ्या तुडवायला मोकळ्या दिल्या. ट्रॅक्टर आत जाणार नव्हता, म्हणून बैलगाड्या शोधल्या. पण टोळ्यांनी गावाकडे परतायची बांधाबांध सुरू केली होती. एक टोळी कशीबशी थांबवून घेईपर्यंत मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला. बजाबाईचा ऊस तुटला खरा, पण वाळून चिपाड झालेला. शंभर टनांचा अंदाज होता, काट्यावर सदुसष्ट भरला.

आणि पुढं जे झालं ते ऐका, म्हणजे या मंडळींची पुरती ओळख पटेल. हंगामातली शेवटची गाडी वाजतगाजत आणायची कारखान्याची रीत आहे. गुलाल, हलगी, बैलांच्या शिंगांना फुगे. या वर्षी शेवटची गाडी बजाबाईच्या उसाची निघाली. चेअरमननी गाडीला नारळ फोडला, बजाबाईच्या गळ्यात हार घातला आणि भाषणात म्हणाले की नव्या प्रणालीमुळं यंदा शेवटच्या कांडीपर्यंत ऊस गाळला. तो फोटो भिंतीवरच्या टीव्हीवर चार दिवस फिरतोय. गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर गुलाल, मागं तुरे आलेला ऊस, आणि बाई सरळ समोर बघतीय. सगळे म्हणतात, फोटो छान आलाय.

वाटेसाठी एक रकाना वाढवा, अशी दिपालीनं अजिंक्यला विनंती केली. तो खजील झाला होता, त्यानं लगेच अर्ज वर पाठवला. वरून उत्तर आलं की विनंती नोंदवली आहे, पुढील हंगामात विचार करू. 'पुढच्या वेळी' हे शब्द मी जन्मल्यापासून ओळखतो.

म्हणून आज सकाळपासून दिपाली माझ्यासमोर वही घेऊन बसली आहे. माझ्या ओळी एकेक करून हातानं उतरवतीय. प्रिंटरची रिबन संपलीय आणि नवी मागवायला साहेबांची मंजुरी नाही, कारण मी आज बंद होणार. पाच हजार ओळी, आणि दुपारी तीनपर्यंत तिच्या बाराशे झाल्या होत्या.

तीन वाजता बजाबाई आली. या खेपेला ती काही मागायला आली नव्हती. "माझी नोंद काडून टाक पोरी," ती म्हणाली. "फुडल्या साली ऊस करनार न्हाय. शेरडं सांबाळीन, ज्वारी पेरीन. ज्वारीला कुनाची पाळी लागत न्हाय."

दिपालीची मान खाली गेली. "मावशी, चुकलं आमचं."

"व्हय, चुकलंच की." बजाबाई बाकावर टेकली. तिनं वहीकडे बघितलं. "हे काय लिवतीस?"

"वाटा. कुनाच्या मागं कुनाचं रान, ते. पाच वाजता हे बंद व्हतंय. सगळं न्हाय व्हायचं."

"आमच्या शिवाराचं त्येच्यात कशाला बगतीस? मला इचार की."

दिपालीनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. वहीचं नवं पान काढलं. बजाबाई सांगायला लागली. ओढ्यापासून सुरुवात केली. दगडाबाईचं रान, तिच्या मागं ज्ञानबाचं. ज्ञानबानं विहिरीकडून नवी वाट काढलीय, ती कॉम्प्युटरात कुठली असणार? मग भिमाचं, पण त्याच्या दोघा पोरांनी आता वाटून घेतलंय, धाकट्याचं आत गेलं. माझ्यात यातलं काही नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी जोतीराम सायकलवरून उतरून चालला, त्यानंतर माझ्या वाटा तिथंच थांबल्या होत्या, आणि शिवार पुढं निघून गेलं होतं. पुढच्या एखाद्या हंगामात मीच कुणालातरी अडकवलं असतं. वर छातीठोकपणे छापूनही दिलं असतं.

तुम्हाला एक सांगून जातो. भिंतीवर गोल लावा, चौकोन लावा, मला त्याचं काही नाही. पण या बाईला माझ्या अठरा वर्षांत कुणी बाकावर बसवून घेऊन विचारलं नव्हतं, आणि ती रस्त्यापासून एका रानापलीकडेच उभी होती.

पाच वाजायला आलेत. अजिंक्य हात पाठीमागं बांधून उभा आहे, बटण दाबायचं त्याच्या जिवावर आलंय. दाब रे बाबा. माझ्याकडे कुणी बघतही नाही, आणि आज त्याचा मला राग नाही. तिकडं बजाबाई सांगतीय आणि दिपाली लिहितीय.

"हां, मग रस्त्याला लागून भारतचं. आन भारतच्या मागं..." बजाबाई थांबली.

"तुमचं," दिपाली म्हणाली.

"ज्वारी लिव तितं," बजाबाई म्हणाली.